माझ्या वाट्याचं पाणी

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी मी ब्रिस्टलमधल्या माझ्या फ्लॅटमध्ये बाथटबच्या कडेवर बसून घडीच्या प्लास्टिक कॅनमध्ये पाणी भरत होते. एका कॅनमध्ये दहा लिटर. भरलेला कॅन उचलून दारापर्यंत न्यायचा, परत आणायचा, मग तासभर कोरड्या टॉवेलवर ठेवून बघायचं, गळतो का. तीनपैकी एक गळत होता. बुचाजवळ, अगदी थोडासा. मी त्याच्यावर मार्करने फुली मारली आणि तो बाजूला ठेवला. मग पुन्हा उचलून टॉवेलवर ठेवला, कारण एकदा बघून माझा विश्वास बसत नाही.

हे सगळं एका तळ्यासाठी चाललं होतं. अमेरिकेत, नेवाडाच्या वाळवंटात, सरकारच्या मोकळ्या जमिनीवर हे तळं आहे आणि त्याच्या काठी तंबू ठोकायची जागा आहे. मी, माझी मैत्रीण आणि तिचा मोठा भाऊ असे तिघं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे चार रात्री राहणार होतो. तिकिटं जानेवारीतच काढली होती. तळं मैत्रिणीने नकाशावर शोधलं होतं आणि बाकी सगळं माझ्यावर सोपवलं होतं, कारण ती म्हणते तसं मला "लिस्ट बनवायला आवडतं". आवडतं असं नाही. लिस्ट नसली की मला बसवत नाही.

अडचण एकच होती. मी जाऊ शकेन की नाही, हे मला माहीत नव्हतं. आणि ते बाकी दोघांना मी सांगितलं नव्हतं.

माझा इथला कामाचा व्हिसा ऑगस्टअखेर संपत होता. तो वाढवायचा अर्ज तीन महिने आधी भरता येतो, म्हणजे जूनमध्ये भरून मी मोकळी झाले असते. पण त्याला कंपनीचं स्पॉन्सरशिपचं पत्र लागतं. मे महिन्यात मी एचआरला एक ईमेल केला. त्यांचं उत्तर आलं, "नोटेड." मी वाट बघत राहिले. जून गेला. दुसरा ईमेल मी चार वेळा लिहिला आणि चारही वेळा ड्राफ्टमध्ये ठेवला. त्या बाई लिफ्टमध्ये भेटायच्या, हवेबद्दल बोलायच्या, मीही हवेबद्दल बोलायचे. पत्र ऑगस्टच्या मध्यावर आलं. त्याच संध्याकाळी मी अर्ज भरला. शेवटच्या पानावर एक ओळ होती: उत्तर येण्याआधी देशाबाहेर गेलात तर अर्ज मागे घेतला असं समजलं जाईल. ती मी दोनदा वाचली आणि पुढचं बटण दाबलं. उत्तराला साधारण आठ आठवडे लागतात. आमचं विमान सहा आठवड्यांनी होतं.

पासपोर्ट माझ्याकडेच होता, मोज्यांच्या खणात. अमेरिकेचा व्हिसाही होता, मागे कामासाठी गेले होते तेव्हाचा. जाताना मला कोणी अडवलं नसतं. प्रश्न परत येण्याचा होता. परत आले असते तर नोकरी नाही, फ्लॅट नाही, दारातूनच पुण्याला. हे मला पक्कं कळत होतं, आणि तरी रोज संध्याकाळी मी तीन माणसांचा बेत करत होते. ईमेल उद्याही येऊ शकतो, असं मी स्वतःला सांगायचे. बसमध्ये, मीटिंगमध्ये, दात घासताना मी इनबॉक्स खाली ओढून सोडायचे. अंगठ्याला ती सवयच लागली होती.

मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. ती इथेच जन्मली, लंडनमध्ये ईलिंगला वाढली आणि आता माझ्याच ऑफिसात विमानाच्या पंखांवर काम करते. तिच्या आजोबांपासून घर बौद्ध, आमचंही. एका एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात, कौन्सिलच्या हॉलमध्ये, आम्ही दोघी खुर्च्या मांडत होतो, तेव्हा ओळख झाली. तिचं मराठी घरातल्या घरात वाढलेलं आहे. चुकतं, पण ती थांबत नाही. माझं मराठी तिच्यापेक्षा बरं आहे आणि मी गप्प बसते.

"वॉटरचा एवढा स्ट्रेस का घेते तू?" मी फोनवर कॅनचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली. "इट्स अ लेक."

"त्या तळ्याचं पाणी पिता येत नाही. खारं आहे."

"बॉइल करून?"

"उकळून खार जात नाही."

"मग तिथे नळ असेल ना?"

"नाही. मी त्यांना विचारलं."

त्या जागेची देखभाल करणाऱ्या कार्यालयाला मी खरंच ईमेल केला होता. परक्या माणसाला ईमेल लिहायला मला तीन दिवस लागतात. उत्तर मात्र तासाभरात आलं, आणि इतकं मोकळं की मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. बुकिंग लागत नाही. जो आधी येईल त्याची जागा. चौदा दिवस राहता येतं. नळ नाही, सावली नाही, कचऱ्याचा डबा नाही, आपलं पाणी आपण आणा, आपला कचरा आपण न्या. कोण तुम्ही, कुठून आलात, कशासाठी आलात, असं त्यात काहीच नव्हतं. त्याच आठवड्यात मी व्हिसाच्या अर्जात गेल्या दहा वर्षांत कुठल्या कुठल्या देशात किती दिवस होते ते भरलं होतं. दोन्ही ईमेल एकाच इनबॉक्समध्ये एकाखाली एक दिसायचे.

स्प्रेडशीट तिघांत मिळून होती, पण भरायचे मी एकटीच. माणशी रोज पाच लिटर, पाच दिवस, म्हणजे प्रत्येकाचे पंचवीस, तिघांचे पंच्याहत्तर. प्यायचं वेगळं, स्वयंपाकाचं वेगळं, हातपाय धुवायचं वेगळं. तिघांचे तीन रकाने. माझा रकानाही मी भरला होता. तो रिकामा सोडला असता तर त्यांनी विचारलं असतं. हे कारण खरं आहे, पण तेवढंच नाही. तो भरलेला असला की मला बरं वाटायचं.

माझ्या रकान्यात अगदी खाली आणखी एक ओळ होती. "तळ्याचं पाणी: एक ओंजळ. प्यायचं नाही, नुसतं ओठांना लावायचं."

ही आमच्या घरची रीत. बाबा दर मार्चमध्ये महाडच्या तळ्यावर जातात, ते तर आमच्यातले कितीतरी लोक जातात. पण बाबांचं तेवढ्यावर भागत नाही. धरण असो, नदी असो, कुठल्या बागेतला तलाव असो, चपला काढून ते पाण्यापर्यंत उतरतात आणि एक ओंजळ घेतात. पिण्यासारखं असेल तर घोट, नसेल तर ओठांना लावून सोडून देतात. त्यांच्या वडिलांना गावच्या तळ्यावर उतरू देत नसत, हे मला लहानपणी एकदाच सांगितलं गेलं. पुन्हा कधी कोणी बोललं नाही, पण ओंजळ कधी चुकली नाही. शाळेत असताना एकदा माझ्या वर्गातल्या दोन मुली आमच्या गाडीतून धरणावर आल्या होत्या. बाबा उतरायला लागले तसे मी वाकून बुटाची नाडी बांधत बसले. नाडी सुटलेली नव्हती. बाबांनी ते बघितलं की नाही, मला अजून माहीत नाही.

तळ्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी विमान किती तासांचं, हे विचारलंच नाही.

"पायऱ्या आहेत का गं पाण्यापर्यंत?"

"नाही बाबा. वाळू आहे नुसती."

"कुंपण?"

"नाही."

"पाटी-बिटी?"

"एकच आहे. कचरा परत न्या म्हणून."

"मग चांगलं आहे," ते म्हणाले. "फोटो नको काढत बसू. पण माझ्या नावानेही एक घे."

व्हिसाचं मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

विमानाच्या दहा दिवस आधी, रविवारी, न गळणारे दोन कॅन घडी करून घेऊन मी ईलिंगला मैत्रिणीच्या घरी गेले. नवा तंबू मागच्या गार्डनमध्ये एकदा लावून बघायचं ठरलं होतं. कोचमध्ये अडीच तास मी फोन उलटा मांडीवर ठेवला आणि दर दहा मिनिटांनी सुलटा केला. रविवारी असले ईमेल येत नाहीत, हे मला माहीत होतं.

गार्डन अरुंद आहे, एका बाजूला काकूंची, म्हणजे मैत्रिणीच्या आईची, मेथी आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची ट्रॅम्पोलिन. तंबू उभा राहिला तो थेट मेथीत.

"आई बघितली ना, तर तुला तिकडेच डेझर्टमध्ये सोडून ये म्हणेल," मैत्रीण भावाला म्हणाली.

"मी काय केलं? एंट्रन्स कुठल्या साइडला ते तू ठरवलंस."

"तू पोल उलटा घातला."

"मॅडम," भाऊ माझ्याकडे वळला, "तुमच्या शीटमध्ये पोल कसा घालायचा ते नाहीये. सगळ्यात इम्पॉर्टन्ट तेच राहिलं."

"पंधरावी ओळ," मी म्हणाले.

तो मनापासून हसला. मग खरंच फोन काढून पंधरावी ओळ वाचायला लागला. मी तंबूच्या खिळ्यांची पिशवी ठेवली आणि काकूंना मदत करते म्हणून आत गेले.

काकू दशम्या लाटत होत्या. आमच्याबरोबर द्यायच्या दशम्या किती दिवस टिकतात ते बघायला त्या आजच थोड्या करत होत्या. मी पोळपाटाशेजारी उभी राहून भाजलेल्या दशम्या कागदावर पसरत होते. काकू मूळच्या नांदेडच्या, लग्न होऊन इथे आल्या त्याला तीस वर्षं होऊन गेली. त्या फार प्रश्न विचारत नाहीत, म्हणून मला त्यांच्याजवळ उभं राहायला आवडतं. त्या दिवशी मात्र विचारला.

"तुझी तीन वर्षं झाली ना गं इथे? ऑगस्टमध्येच आली होतीस."

"हो."

"मग व्हिसा वाढवायला टाकला असशील."

"टाकलाय."

"आला?"

"येईल, काकू."

त्यांनी दशमी तव्यावर टाकली. "येईल म्हणजे आला नाही."

मी कागदावरच्या दशम्या सारख्या केल्या. त्या सारख्याच होत्या.

"माझाही असाच होता टाकलेला," त्या तव्याकडे बघत म्हणाल्या. "थोरला पोटात होता. माझे वडील गेले तेव्हा. सगळे म्हणाले, जाऊन ये, कोण बघतंय. ह्यांनी कोणाकोणाला फोन करून विचारलं. गेले असते तर परत कधी आले असते, सांगता येत नव्हतं. नाही गेले." दशमी उलटली. "ते कागद तेराव्या दिवशी आले."

मी पुढची दशमी कागदावर घेतली.

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"मी सांगू, की तू सांगतेस?"

"मी सांगते."

"आत्ता," काकू म्हणाल्या. "दशम्या मी बघते."

मी बाहेर आले तेव्हा भाऊ गवतावर बसून खिळे मोजत होता आणि मैत्रीण तंबूत गाद्या फुगवत होती. चेन बंद होती. नारिंगी कापडाआड तिची सावली हलत होती. तिचं तोंड समोर नव्हतं, म्हणून मला सांगता आलं. मी कापडाजवळ उभं राहून सगळं सांगितलं: ऑगस्ट, पत्र, आठ आठवडे, ती ओळ. इतकं सलग मी तिच्याशी कधी बोलले नसेन. भावाने खिळे मोजणं थांबवलं. आत गादीतली हवा सुटल्याचा आवाज आला.

चेन उघडली. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"अर्ज भरला तेव्हापासून."

"वन मन्थ?" ती गुडघ्यांवरच बाहेर आली. "आणि तू माझ्याशी रोज तंबूबद्दल बोलते? तुझं पण पाणी मोजलं तू. ट्वेन्टी फाइव्ह लिटर्स."

"ईमेल येऊ शकतो अजून."

"मे महिन्यात मला का नाही सांगितलं? मी जाऊन उभी राहिली असती त्या बाईच्या डेस्कवर."

"त्यांनी 'नोटेड' लिहिलं होतं."

"तू दुसरा ईमेल नाही केला?"

"लिहिला होता."

"पाठवला?"

मी तंबूची दोरी ओढून घट्ट केली. भाऊ म्हणाला, "एअरपोर्टवर कोणी चेक करतं का पण? जाताना?"

"जाताना नाही," मी म्हणाले. "येताना."

"ओके. मग आपण कोणीच जायचं नाही," मैत्रीण म्हणाली. तिचे गुडघे मातीने माखले होते आणि ती चिडली होती. ती चिडली की मराठी सोडून इंग्रजीवर जाते, तशी गेली. बराच वेळ बोलली. मी तिला काय समजते, असं ते सगळं होतं. तिच्याजागी मी असते तर एवढं बोलले नसते, आतल्या आत वर्षभर ठेवलं असतं. बोलून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि विचारलं, "तुला मी जाऊ नये असं वाटतं का? खरं सांग."

मला एक क्षण तसंच वाटलं होतं. "नाही," मी म्हणाले. "तुम्ही जा. इतकं सगळं बघून ठेवलंय. कोणीतरी जायला पाहिजे."

"शेवटच्या दिवसापर्यंत थांबू आपण," भाऊ म्हणाला. "शीटमधून तुझं काही काढायचं नाही. कोणी काही डिलीट करायचं नाही."

ते दहा दिवस कसे गेले, ते सांगण्यासारखं काही नाही. मी बॅग भरली आणि रिकामी केली. मग पुन्हा भरली. ऑफिसात आमच्या मजल्यावरून प्रिंटरपर्यंत मी इतक्या फेऱ्या मारल्या की शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी पाठ दुखते का, असं विचारलं. एकदा लिफ्टमध्ये एचआरच्या बाई भेटल्या. मी म्हणाले, "मे महिन्यातला माझा ईमेल होता ना, त्याचं पत्र ऑगस्टमध्ये आलं. त्यामुळे माझी एक ट्रिप हुकते आहे." आवाज वर गेला नाही, पण शब्द सगळे बाहेर पडले. त्या एकदम थांबल्या, सॉरी म्हणाल्या, आणि त्या म्हणाल्या त्यात मला खोटं काही दिसलं नाही. तोवर त्याचा उपयोगही काही नव्हता.

विमान बुधवारी दुपारी होतं. सकाळपर्यंत ईमेल आला नाही. मी मैत्रिणीला लिहिलं, "जा." तिने उत्तरात फक्त तंबूचा फोटो पाठवला, घडी घातलेला, पिशवीत न मावणारा.

तळ्यावर फोन लागत नाही, तेही शीटमध्ये होतं. पाच दिवस त्यांच्याकडून काही कळणार नव्हतं. मी नकाशावर ते तळं उघडून बसायचे. वरून घेतलेल्या त्या चित्रात निळ्या रंगाभोवती रुंद पांढरी कड आहे. इतके महिने मी तिला वाळू समजत होते. आता निवांत बघितल्यावर कळलं, ती वाळू नसावी. तो पाणी हटल्यावर उरलेला खार असावा. म्हणजे काठावरची ती जागा काठावर उरली असेल का, हे मी तपासलंच नव्हतं. इतक्या याद्या केल्या आणि मुळात पाणी कुठे आहे, ते बघायचं राहिलं. मी उठले, बसले, आणि हे त्यांना कळवायचा काही मार्ग नव्हता.

शनिवारी मी सॅंडविचच्या रांगेत असताना व्हिसाचा ईमेल आला. मंजूर, तीन वर्षं. माझा नंबर आला, तो मी सोडला आणि बाहेर येऊन बाबांना फोन केला. आधी व्हिसा मिळाला ते सांगितलं, मग गेले नाही ते.

बाबा म्हणाले, "आम्हाला सांगायचं नाही का गं?"

"काळजी केली असती तुम्ही."

"केली असती," ते म्हणाले. "मग तळ्यावर कोण गेलं?"

"मैत्रीण आणि तिचा भाऊ."

"बरं," ते म्हणाले. ओंजळीचं त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

मंगळवारी, त्यांची गाडी गावात आल्यावर, माझा फोन थरथरत सुटला. आधी व्हिडिओ आला. वारा एवढा की शब्द तुटत होते. पायाखाली पांढरी, तडकलेली जमीन, तिच्यावरून चालणारी मैत्रीण, पुढे लांबवर निळी रेघ. "हाफ अवर चाललो," भावाचा आवाज. "लेकसाइड म्हणे." मग पाणी. मैत्रीण बूट काढून वाकते. तिच्याकडे फोन नाही, शीटची घडी घातलेली प्रिंट आहे, ती तिने दातांत धरली आहे. दोन्ही हातांनी पाणी उचलून ओठांना लावते, तोंड वेडंवाकडं करते, प्रिंट पडते, भाऊ हसतो. ती पुन्हा वाकते आणि दुसऱ्यांदा ओंजळ घेते. दुसऱ्यांदा तोंड वाकडं करत नाही.

मग तिचा फोन आला.

"मंजूर झाला?" हे आधी.

"झाला. शनिवारी."

"गुड. मी तुझ्यावर अजून रागावली आहे, पण गुड." ती काहीतरी खात होती. "पाणी साबणासारखं लागतं. ते लिहिलं नाही तू."

"दुसऱ्यांदा का घेतलंस?"

"एक तुझं, एक तुझ्या बाबांचं. तू नाही का सांगितलं, ते पण एक मागितला म्हणून? माझे आजोबा पण असं करायचे. मला वाटायचं, त्यांना तहान लागते."

बाबांचं मी तिला कधी सांगितलं ते मला आठवेना. सांगितलं असेन, कधीतरी, तंबूबद्दल बोलता बोलता.

"आणि लिसन," ती म्हणाली. "आम्ही पाणी पंच्याहत्तरच नेलं. कोणी काही डिलीट करायचं नाही, असं ठरलं होतं ना. हा म्हणाला, तिच्या शीटला हात लावू नको."

"मग माझं उरलं असेल."

"नाही ना. दुसऱ्या दिवशी शेजारी एक म्हातारं कपल आलं, छोट्या व्हॅनमध्ये. त्यांच्याकडे दोन बाटल्या. त्यांना वाटलं, लेक आहे म्हणजे पाणी असेल." ती हसली. "ते माझ्यासारखे होते. आम्ही त्यांना तुझे कॅन दिले. तीन दिवस राहिले ते. त्या बाईने विचारलं, हे कोणाचं. मी म्हटलं, आमच्या फ्रेंडचं, ती आली नाही."

"काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही. चहा केला. आम्हाला पण दिला."

मी लॅपटॉपवर शीट उघडली. माझा रकाना भरलेलाच होता. बाथरूममध्ये फुली मारलेला कॅन अजून टॉवेलवर उभा होता. त्यातलं पाणी मी बेसिनमध्ये ओतलं आणि कॅन वाळायला उलटा ठेवला.